शालेय ग्रंथपालांचे विभागीय अधिवेशन: नोंदणी शुल्काच्या मोबदल्यात काय मिळते?

शालेय ग्रंथपालांच्या विभागीय अधिवेशनाला जावे की नाही, हा प्रश्न दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की निघतो आणि त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या लेखी तो निव्वळ हारतुऱ्यांचा कार्यक्रम असतो. काहींच्या मते आपल्यासारखेच काम करणारी माणसे वर्षातून एकदा भेटतात, तेवढ्यासाठीही जाणे पुरेसे आहे. यंदा वाईला भरलेल्या दोन दिवसांच्या अधिवेशनाला मी पूर्ण वेळ उपस्थित होते. पुढील वर्षी नोंदणी करावी की नाही, याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. आयोजक संघटनेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण येथे दाखवलेल्या उणिवा आपल्याकडच्या बहुतेक अधिवेशनांत आढळतात.

व्यवस्थेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही आणि तीच तिची पावती मानावी. शुल्क हजार रुपयांच्या आत होते व त्यात दोन्ही दिवसांचे भोजन, शाळेच्या वर्गखोल्यांत गाद्या घालून केलेली निवासाची सोय आणि नेहमीची पिशवी, वही, पेन यांचा समावेश होता. महिलांच्या निवासासाठी वेगळी इमारत व रात्री पहारेकरी होता. चहा वेळेवर मिळत होता. कार्यक्रमपत्रिकेबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

उद्घाटनाचे सत्र दीड तास उशिरा सुरू झाले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत लांबले. दीपप्रज्वलन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या प्रतिमेचे पूजन, स्वागतगीत, मान्यवरांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि स्मरणिकेचे प्रकाशन यांत सकाळ सरली. डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत जवळजवळ प्रत्येक वक्त्याने म्हणून दाखवले. त्यातील चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे, आणि तो पाठोपाठच्या भाषणांतून वारंवार ऐकताना सभागृहात मागे बसलेल्या मंडळींमध्ये जी खसखस पिकली, ती व्यासपीठापर्यंत पोहोचली असती तर बरे झाले असते. ग्रंथपालांच्या सत्कारांना माझा विरोध नाही. वर्षानुवर्षे तळघरात किंवा जिन्याखालच्या खोलीत काम केलेल्या माणसाला एकदा तरी सर्वांसमोर शाल मिळावी. पण तो कार्यक्रम सायंकाळी ठेवला तरी शाल तितकीच उबदार राहते.

दुपारच्या पहिल्या सत्रात निबंधवाचन होते. निबंध सादर करणारे बहुसंख्य महाविद्यालयीन ग्रंथपाल वा ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते, कारण आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असलेल्या संग्रहात निबंध छापून येणे त्यांच्या पदोन्नतीच्या गुणांसाठी उपयोगाचे असते. शालेय ग्रंथपालाला असे गुण नसतात, त्यामुळे तो श्रोत्यांतच राहतो. परिणामी, ज्यांच्या शाळेत एकच संगणक आहे आणि तोही कार्यालयातील लिपिकाकडे आहे, अशा सभासदांना कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माहितीच्या महासाठ्यांवरील सरकचित्रे पाहावी लागली. अपवाद एका निबंधाचा. ‘इफ्ला’ या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१५ मध्ये शालेय ग्रंथालयांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यातील अपेक्षा आणि आपल्याकडील प्रत्यक्ष स्थिती यांची तुलना त्यात सरळ भाषेत केली होती. शालेय ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून कार्यरत आहे आणि ऑक्टोबर हा शालेय ग्रंथालयांचा महिना म्हणून जगभर पाळला जातो, ही माहितीही अनेकांना नवी होती. आपल्याकडे १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन असतोच. तो सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांच्या कात्रीत सापडतो, हे दुखणे एका शिक्षिकेने नेमके मांडले. त्यावर चर्चा व्हायला हवी होती, परंतु सूत्रसंचालकांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द केली. वेळ सकाळी गेला होता.

या अधिवेशनाचे खरे मोल त्याच दिवशी उशिरा, संगणककक्षात कळले. पत्रिकेत ‘प्रात्यक्षिक’ एवढ्या एका शब्दात उरकलेल्या या सत्राला तीस-पस्तीस जणांनी गर्दी केली. विषय होता दाखलनोंद वहीतील, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असलेल्या वहीतील, माहिती संगणकावर नेण्याचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही ग्रंथालयाच्या कामाची संगणकप्रणाली आणि न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, मुक्त स्वरूपाची ‘कोहा’ या दोन्ही दाखवण्यात आल्या, परंतु कोणती चांगली या वादात न शिरता मार्गदर्शकांनी आधी सर्वांच्या अडचणी फळ्यावर लिहून घेतल्या, आणि तेथेच या सत्राचा सूर बदलला. बहुतेकांची अडचण प्रणालीची नव्हतीच. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने चार-पाच हजार पुस्तकांची यादी टंकित करून ठेवलेली असते, पण ती युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या टंकात (फॉन्टमध्ये) असल्यामुळे नव्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. मग ती यादी निरुपयोगी समजून पुन्हा पहिल्यापासून टंकलेखन सुरू होते आणि तिसऱ्या कपाटाशी थांबते.

माण तालुक्यातील एका शाळेच्या ग्रंथपालांनी यावरचा आपला मार्ग सर्वांसमोर करून दाखवला. मूळ धारिकेची (फाइलची) एक प्रत बाजूला ठेवायची. दाखल क्रमांक आणि किंमत हे रकाने न छेडता फक्त शीर्षक, लेखक आणि प्रकाशक हे रकाने परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचे. त्यानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांसारखी जोडाक्षरे असलेल्या नोंदी गाळणी लावून वेगळ्या काढायच्या आणि तेवढ्याच हाताने तपासायच्या. ऱ्हस्व वेलांटीची गंमत अशी, की जुन्या टंकात ती अक्षराच्या आधी टंकित होते, त्यामुळे परिवर्तनात ती शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. हे त्यांनी एका नोंदीवर दाखवले तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, ‘‘सर, अहो, हेच तर माझं दोन वर्षांपासून अडलंय!’’ तेवढ्या एका वाक्याने पुढचा पाऊण तास प्रश्नांचा पाऊस पडला. सत्र संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. अखेर शिपायाने येऊन दिवे घालवण्याची सूचना केली.

त्याच कक्षात वर्गीकरणाचा प्रश्नही निघाला. पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे आणि त्यापुढे कवितेसाठी १, नाटकासाठी २, कथा-कादंबरीसाठी ३ असे आकडे येतात. मराठी शाळेच्या ग्रंथालयात त्याचा परिणाम असा होतो, की निम्म्याहून अधिक पुस्तकांच्या पाठीवर ८९१.४६३ हीच चिठ्ठी लागते; पाचवीतल्या मुलाला ती काहीच सांगत नाही आणि ग्रंथपालालाही फारसे सांगत नाही. काही शाळांनी यावर रंगीत पट्ट्यांचा उपाय योजला आहे: एक-दोन ओळींच्या चित्रपुस्तकांना पिवळी पट्टी, छोट्या गोष्टींना हिरवी, प्रकरणे पाडलेल्या पुस्तकांना निळी, आणि ड्यूईचा अंक केवळ आतल्या पानावर. शास्त्राच्या दृष्टीने हे अशुद्ध आहे, असा आक्षेप एका निवृत्त प्राध्यापकांनी नोंदवला. त्यांचा मान राखूनही म्हणावेसे वाटते, की पुस्तक मुलाच्या हाती लवकर पडत असेल तर पट्टीचे पाप पोटात घालावे. मात्र पट्ट्या चिकटवताना साधी चिकटपट्टी वापरू नये, ती दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडून कव्हर फाडते, ही त्यांचीच सूचना अनेकांनी लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्लेखनावर, म्हणजे निकामी पुस्तके रीतसर बाद करण्यावर, झालेली चर्चा मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आपल्याकडे शाळेचा ग्रंथपाल फाटके, वाळवी लागलेले, कालबाह्य अभ्यासक्रमाचे पुस्तकही कपाटात जपून ठेवतो, कारण पुस्तक कमी भरले तर भरपाई आपल्या पगारातून होईल, ही भीती त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून घातलेली असते. एका निवृत्त ग्रंथपाल मॅडमनी या भीतीवर भाषण न देता थेट कागद वाटले. साठा पडताळणीचा तक्ता. बाद करावयाच्या पुस्तकांची दाखल क्रमांक, किंमत आणि कारण यांसह यादी. ग्रंथालय समितीच्या ठरावाचा नमुना. मुख्याध्यापकांच्या मंजुरीचे पत्र. आणि दाखलनोंद वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने करावयाची नोंद, असा सगळा क्रम त्यात होता. बाद केलेला दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला पुन्हा कधीही देऊ नये, हे त्यांनी बजावून सांगितले. ही छायाप्रत स्मरणिकेच्या सव्वाशे पानांहून अधिक कामाची आहे, आणि ती पुरेशा संख्येने काढलेली नसल्याने दुपारी झेरॉक्सच्या दुकानासमोर आमच्यापैकी बरेच जण रांगेत होते.

खुले अधिवेशन अपेक्षेप्रमाणे मागण्यांचे झाले. अर्धवेळ ग्रंथपालांचा प्रश्न जुना आणि खरा आहे: विद्यार्थीसंख्या हजाराच्या पुढे गेल्याशिवाय पूर्णवेळ पद नाही, आणि अर्ध्या पगारात काम मात्र पूर्ण दिवसाचे. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. खासगी अनुदानित शाळांना वेतनेतर (पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठीच्या) अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागते. यावर ठराव व्हायलाच हवेत. परंतु संघटनेचे काम आणि व्यवसायाचे शिक्षण एकाच तासात कोंबल्यामुळे दोन्हींचे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या अर्धवेळ ग्रंथपालांसाठी ठराव झाले, त्यांच्यातील फारच थोडे सभागृहात होते, ही बाब कोणाच्या लक्षात आलेली दिसली नाही. अधिवेशनाचे दिवस कर्तव्यकाल (कामाचे दिवस) धरून शाळा त्यांना सोडत नाही आणि शुल्क पूर्ण भरावे लागते. त्यांच्यासाठी अर्धे शुल्क ठेवणे आणि मुख्याध्यापकांच्या नावे महिनाभर आधी विनंतीपत्र पाठवणे या दोन गोष्टी आयोजकांच्या हातातल्या आहेत; त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

स्थळाची निवड मात्र दाद देण्याजोगी होती. वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. तेथे धावती भेट झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पसरणीचा घाट चढून, पाचगणीच्या पुढे असलेल्या भिलारला बसने नेण्यात आले. ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून सुरू झालेल्या या गावात घराघरांतून एकेका साहित्यप्रकाराची पुस्तके मांडलेली आहेत आणि आलेल्या कोणालाही ती तेथे बसून वाचता येतात. आमच्यापैकी अनेकांना तेथील भिंतींवरच्या चित्रांचे कौतुक वाटले. मला यजमान घरांचे वाटले. ग्रंथालयशास्त्राची पदवी नसलेली कुटुंबे उघड्या मांडणीवर पुस्तके ठेवतात आणि कुलूप न लावता सांभाळतात, हे पाहिल्यावर शाळेतील काचेच्या कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, यावर परतीच्या बसमध्ये चांगली जुंपली. ती चर्चा पत्रिकेत असायला हवी होती. भेटीला दिलेला वेळ मात्र फारच अपुरा होता, आणि त्यातलाही काही भाग स्ट्रॉबेरीच्या गाड्यांनी खाल्ला.

अधिवेशनानंतर काय उरते, हे पाहणेही परीक्षणाचा भाग मानते. समारोपात तयार झालेल्या मोबाइल गटावर पहिल्या आठवड्यातच सुप्रभाताचे फुलांचे संदेश सुरू झाले आणि गट मुका करण्याची वेळ आली. संगणककक्षात जमलेल्या मंडळींनी स्वतंत्रपणे काढलेल्या छोट्या गटावर मात्र परिवर्तित याद्या, निर्लेखनाचे नमुने आणि कोणत्या प्रकाशकाने शाळेला किती सवलत दिली याची माहिती आजही नियमित येते. शेजारच्या दोन शाळांनी आपल्या जादा प्रतींची अदलाबदल याच गटावरून ठरवली. मोठ्या गटाला नियम लावून देणारा एक जबाबदार माणूस नेमला असता, तर हे सर्वांना मिळाले असते.

ज्यांना हिशेबाच्या वह्यांपेक्षा मुलांसोबतच्या वाचनकृतींमध्ये अधिक रस आहे, त्यांनी गोव्यातील बुकवर्म या संस्थेच्या कामाकडे आणि टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमातील ग्रंथालय शिक्षकांच्या अभ्यासक्रमाकडे आधी पाहावे. तो अनेक महिने चालतो, त्यामुळे दोन दिवसांच्या अधिवेशनाशी त्याची बरोबरी करणे योग्य नाही. दाखलनोंद, निर्लेखन, संगणकीकरण यांपैकी कोणत्याही एका कामात अडलेल्या ग्रंथपालाने मात्र या अधिवेशनाला जरूर जावे, आणि जाताना आपली अडचण, शक्य तर त्या धारिकेची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जावे. केवळ प्रमाणपत्र हवे असणाऱ्यांची तिथे गैरसोय होणार नाही, पण त्यांच्यासाठी हा प्रवास महाग पडेल. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुमारास पोहोचले तरी काही बिघडत नाही. निवासाची सोय हवी असल्यास नोंदणीच्या अर्जातच लिहावे, आणि वाईला जानेवारीत रात्री थंडी चांगलीच पडते, तेव्हा पांघरूण स्वतःचे न्यावे.