क्रेफिशची जोडी घ्यायची असेल तर मंगळवार पेठेतल्या ताईंकडं जा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका बोळात, जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ताईंचं दुकान आहे. पाटी नाही. पेठेत 'मासेवाल्या ताई' म्हणून विचारलं की कुणीही वाट दाखवतं. गोड्या पाण्यातला क्रेफिश, म्हणजे कोळंबीसारखा पण मोठ्या नांग्यांचा कवचवाला प्राणी, मी इथूनच घेतला, घरच्या टाकीत त्याची पिल्लं झाली, वाढली आणि त्यातली निम्मी परत ताईंकडंच गेली. एवढा व्यवहार झाल्यावर दुकानाबद्दल खात्रीनं लिहिता येतं. रंगीबेरंगी मासे, मोठ्या टाक्या, शोभेचे धबधबे हवे असतील तर शहरात दुसरी चांगली दुकानं आहेत. क्रेफिश पाळून त्याची पैदास करायची असेल तर मात्र इथंच या.

आपल्याकडं ॲक्वेरियमच्या दुकानांत 'ब्लू लॉबस्टर' म्हणून जो विकतात, तो क्रेफिशच. भारतातल्या नद्या-ओढ्यांत क्रेफिश मुळात नाही. आपल्याकडं खेकडे आणि कोळंबी. म्हणजे टाकीत दिसणारा प्रत्येक क्रेफिश बाहेरच्या देशातल्या जातीचा. बहुतेक ठिकाणी हे कुणी सांगत नाही. ताईंकडं सुरुवातच तिथून होते, कारण त्या विकायच्या आधी चौकशी करतात.

"टाकी किती फुटी हाय? झाकण हाय का ओ? घर कुठल्या अंगाला? पुराचं पाणी येतंय का तिथं? टाकीचं पाणी बदललं की ओतता कुठं?"

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. जॉब कुठं बसणार आहे हे विचारल्याशिवाय आम्हीही मटेरियल कापत नाही. त्यामुळं मला ही चौकशी पटली. माझ्यासमोर एक कॉलेजचा पोरगा मात्र वैतागून निघून गेला. ताईंनी त्याला थांबवलं नाही.

पुराचा प्रश्न का, ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं. तळमजल्यावर टाकी असेल, तर पाणी ओसरताना टाकीतला प्राणी कुठं गेला याचा पत्ता लागत नाही. एरवीसुद्धा टाकीचं पाणी गटारात, गटार जयंती नाल्यात आणि नाला पंचगंगेकडं. ताईंचं म्हणणं असं, की या नदीत क्रेफिश शिरायला एक बेफिकीर गिऱ्हाईक पुरतं.

ही भीती फुकाची नाही. अमेरिकेतल्या लुइझियानाकडचा लाल क्रेफिश माणसानं जगभर नेला. केनियाच्या नैवाशा तलावात तो १९७० मध्ये सोडला गेला आणि तिथल्या पाणवनस्पतींचा त्यानं फडशा पाडला. तो बिळं करतो. भाताच्या खाचरांचे बांध, कालव्यांच्या कडा पोखरतो. आपल्या ऊसपट्ट्यातले पाट आणि बांध डोळ्यासमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

संगमरवरी क्रेफिशची गोष्ट तर याहून अवघड. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत तो पहिल्यांदा लक्षात आला. सगळ्या माद्याच, नर लागतच नाही. मादी एकटीच अंडी घालते आणि प्रत्येक पिल्लू म्हणजे तिचीच नक्कल. एक मादी निसटली तरी वसाहत उभी राहू शकते. मादागास्करात तो असाच पसरला. युरोपीय संघानं २०१६ मध्ये त्याच्या विक्रीवर आणि पाळण्यावर बंदी आणली. पैदाशीला सगळ्यात सोपा म्हणून लोक ताईंकडं तोच मागतात आणि ताई तो ठेवत नाहीत. "लई मागत्यात. मी न्हाई म्हणून सांगतो," एवढंच त्यांचं उत्तर. त्यात चांगला पैसा आहे हे त्यांना माहीत आहे. माझ्या लेखी या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मी गेलो होतो निळा क्रेफिश घ्यायला. ताईंनी दोन फुटी टाकी ऐकून बुटक्या नारिंगी क्रेफिशकडं बोट दाखवलं. निळा दहा-बारा सेंटिमीटरचा होतो, रोपं उपटतो, हाताला लागेल तो मासा खातो आणि एका टाकीत दुसरा क्रेफिश सहसा टिकू देत नाही. शहरातल्याच एका दुकानानं माझ्या शेजाऱ्यांना तो गप्पींबरोबर राहतो असं सांगून दिला होता. आठवडाभरात गप्पी संपले. बुटका नारिंगी मूळचा मेक्सिकोतल्या पात्झकुआरो तलावाकडचा. जेमतेम चार सेंटिमीटर. मूळ ठिकाणचे तपकिरी असतात. हा भडक नारिंगी रंग पाळणाऱ्यांनी निवड करत करत पक्का केला. वय दीड-दोन वर्षांचं. दोन फुटांच्या टाकीत एक नर आणि दोन-तीन माद्या सुखानं राहतात.

नर-मादी ओळखणं ताईंनी ज्या पद्धतीनं शिकवलं त्याला तोड नाही. क्रेफिश काचेच्या छोट्या डबीत घेतला, डबी उचलून खालून भिंग लावलं. शेवटच्या पायांच्या जोडीमधून पुढं आलेल्या दोन बारीक कांड्या दिसल्या की नर. शेपटीखालच्या वल्ह्यांसारख्या पायांपैकी पुढचे, नरात असे कडक होऊन छातीला चिकटून असतात. मादीला त्या जागी मोकळं असतं आणि मधोमध एक गोल चकती दिसते. नराचं बीज ती तिथं साठवते. माझ्या हातात भिंग देऊन, मी स्वतः चारही प्राणी ओळखेपर्यंत त्यांनी पिशवी बांधली नाही. दुकानात तोवर गिऱ्हाईकं उभी होती.

टाकीचं सामानही त्या मोजकंच देतात. मोटरचा फिल्टर घेऊ दिला नाही, कारण पिल्लं त्यात ओढली जातात. त्याऐवजी साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप. स्पंजवर जो बारीक थर जमतो तो पिल्लं दिवसभर खुडत बसतात, म्हणजे फिल्टरच त्यांचं ताट होतो. लपायला पाईपचे तुकडे हवेत म्हटल्यावर मी कारखान्यात पीव्हीसीचे तुकडे कापले, कडा कानशीनं मारून घेतल्या. माणशी एक नाही, माणशी दोन बिळं हवीत, असं ताईंनी बजावलं होतं. कमी पडली की भांडणं लागतात.

कॅल्शियमसाठी महागडी बाटली विकायच्या ऐवजी त्यांनी मला काष्ठौषधीच्या दुकानात पाठवलं, समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं पांढरं हाड, आणायला. त्याचा एक तुकडा टाकीत तळाला पडून असतो. नळाचं पाणी काळम्मावाडीचं असो की पंचगंगेचं, त्यात क्लोरीन असतो. ते बादलीत काढून, त्यातला क्लोरीन घालवूनच टाकीत घालायचं. तांब्याच्या घागरीत साठवलेलं पाणी अजिबात नाही. माशांच्या औषधांतही बऱ्याचदा तांबं असतं. माणसाला चालणारं तांबं या प्राण्यांना विष. आणि महापालिकेची धूर फवारणीची गाडी आली की खिडक्या लावायच्या, एअर पंप थोडा वेळ बंद करायचा, टाकीवर कापड टाकायचं. डासांसाठी जे मारतात ते कोळंबी-क्रेफिशला फार लवकर लागतं आणि पंप ती हवा थेट पाण्यात सोडतो. हे शेवटचं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यासाठी त्यांनी कूलर-बिलर काही विकलं नाही. पाण्यावरून छोटा पंखा सोडा म्हणाल्या. वाफ होऊन पाणी दोनेक अंशांनी उतरतं, तेवढं पुरतं. पैदास चोवीस अंशांच्या आसपास छान होते. त्यामुळं कोल्हापुरात पावसाळा संपल्यापासून होळीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात सोयीचा.

आता पैदाशीचं. मादीनं कात टाकली तो प्रकार मी पाहिला. आधी दोन दिवस ती बिळातून बाहेर आली नाही, खाणं बंद. मग रात्री कुशीवर पडली. पाठीचं कवच आणि शेपटी जिथं जुळते तिथं आडवी चीर गेली, आणि तिथून आधी डोकं-छाती मागं ओढत, मग नांग्या एकेक करत, शेवटी शेपटीचा एक झटका देऊन ती बाहेर आली. जुनं कवच डोळे-मिशांसकट जसंच्या तसं पडलेलं. बघणाऱ्याला वाटावं, प्राणी मेला. ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "ते रिकामं असतंय, काढू नका. तिचं तिला खाऊ दे." तिनं ते पुढच्या दिवसांत खाल्लंही. जुन्या कवचातलं कॅल्शियम असं परत मिळतं. शिवाय कात टाकायच्या आधी पोटात दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपात काही साठवलेलं असतं. अंग मऊ असतं तोवर तिला बिळात निवांत राहू द्यायचं, कारण या वेळी बाकीचे तिला खाऊ शकतात.

त्यानंतर काही दिवसांनी नरानं तिला उताणं पाडून नांग्यांनी धरून ठेवलं. बघायला मारामारीच वाटते. मी ताईंना फोन केला. त्यांनी हात घालू नका म्हटलं. पुढं ती पुन्हा बिळात गेली आणि बाहेर आली तेव्हा शेपटी पोटाखाली घट्ट मुडपलेली, आत काळपट अंड्यांचा घोस. तीसेक असतील. काचेला भिंग लावून बसलं की दिसायचं: शेपटीखालचे पाय न थांबता हलतात, अंड्यांवर ताजं पाणी खेळतं राहतं, आणि मधूनच ती मागच्या पायाच्या टोकानं अंडी चाचपते, खराब झालेलं काढून टाकते. जवळजवळ महिनाभर हेच. अंडी फिकी होत गेली, प्रत्येकात डोळ्यांचे दोन ठिपके आले. फुटल्यावरही पिल्लं लगेच सुटत नाहीत. पोटातला बलक संपून एक कात टाकेपर्यंत आईला धरूनच असतात. सुटली तेव्हा अर्धा सेंटिमीटरही नव्हती, पण नांग्यांसकट पुरी क्रेफिश.

पिल्लांच्या खाण्यासाठी ताई देशी बदामाची वाळलेली पानं देतात. झाडावरून पडलेली, फवारा न मारलेली, धुऊन वाळवलेली. पानावर येणारा बुरशी-जिवाणूंचा थर पिल्लं खातात आणि पानाखाली लपतात. जोडीला उकडलेला पालक, दोडक्याची चकती, आणि ताईंच्या घरची वाळवलेली गोळी, चुरून. पिल्लं एकमेकांना खातात, विशेषतः कात टाकताना. त्यामुळं पानं भरपूर हवीत आणि पोटं भरलेली हवीत. माझी निम्म्याहून जास्त मोठी झाली. तीन-चार महिन्यांत त्यांची त्यांची पैदास सुरू होते, आणि तिथं बहुतेकांची पंचाईत होते: एवढी ठेवायची कुठं?

यासाठीच ताईंचा नियम आहे. घेतानाच त्या सांगतात, "जास्तीची मला आणून द्या. रंकाळ्यात, कळंब्यात सोडायची न्हाईत." परत नेली की पैसे देत नाहीत, खाद्य आणि पानं देतात. काहींना ही देवाणघेवाण तोट्याची वाटते. मला रास्त वाटते. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडं परत करायची सोय आहे, म्हणून तर तलावात सोडायची वेळ येत नाही.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. दुकान संध्याकाळी सहाच्या पुढंच उघडतं आणि सोमवारी बंद. त्यांच्या गोळीच्या पाकिटावर तारीख नसते. घरचं असलं तरी तारीख लिहायलाच हवी, आणि हे मी त्यांना सांगितलंय. टाकीचं झाकण त्या सक्तीनं विचारतात पण विकत नाहीत, ते काचवाल्याकडून कापून घ्यावं लागतं. पंपाची नळी जाते त्या खाचेतूनसुद्धा क्रेफिश चढून बाहेर येतो, तेव्हा खाच नळीच्या मापाचीच सांगा. माल कमी असतो. पुष्कळदा जोडी मिळायला थांबावं लागतं, आणि अंडी धरलेली मादी त्या कुणालाच देत नाहीत, कितीही पैसे दिले तरी. किंमत ऑनलाइनपेक्षा थोडी जास्त पडते. पण प्रवासात दोन दिवस पिशवीत राहिलेला प्राणी आणि आदल्या दिवशी तुमच्यासमोर खाताना पाहिलेला प्राणी यात फरक आहे, आणि त्या फरकाचे पैसे द्यायला माझी ना नाही.

जाताना घरच्या टाकीचा फोटो आणि झाकण बंद असलेला एक डबा घेऊन जा. फोटो बघितल्याशिवाय ताई जोडी देणार नाहीत, आणि प्लास्टिकची पिशवी त्या आता ठेवत नाहीत.