ट्रॅव्हल ई-सिम, घरचं सिम आणि रोमिंग : काही महिने वापरून झाल्यावर

परदेशात मोबाइल इंटरनेट कसं घ्यायचं, याची चर्चा बहुतेक वेळा ‘एक जीबी कितीला पडतो’ इथेच अडकते. गेल्या काही महिन्यांत कामामुळे वारंवार देश बदलावे लागले आणि त्यात जवळपास सगळे पर्याय वापरून झाले. घरच्या कंपनीचं रोमिंग, स्थानिक सिम, भाड्याचं पॉकेट वाय-फाय (खिशात मावणारं, अनेक फोनांना इंटरनेट देणारं यंत्र) आणि सगळ्यात जास्त ट्रॅव्हल ई-सिम, म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाऐवजी थेट फोनमध्ये डाउनलोड करायचं प्रवाशांसाठीचं सिम. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. डेटा आणि नंबर या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या वेगवेगळ्याच भागवाव्यात. डेटा कुठूनही घ्या, नंबर मात्र घरचाच चालू ठेवा.

नंबर एवढा महत्त्वाचा का, तर ओटीपी. बँक, कार्ड, ईमेल, विमानाचं तिकीट, सगळ्यांचे कोड घरच्या नंबरावर येतात. ट्रॅव्हल ई-सिमचे बहुतेक पॅक फक्त डेटाचे असतात, त्यांना नंबरच नसतो. त्यामुळे घरचं सिम काढून पाकिटात टाकलं की इंटरनेट झकास चालतं आणि पैसे भरायची वेळ आली की सगळं ठप्प. निघण्यापूर्वी एक गोष्ट नक्की तपासा. घरच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा चालू आहे ना? डेटा वापरायचा नसला तरी ती चालू नसेल तर परदेशात सिमला नेटवर्कच मिळत नाही, मग एसएमएस कुठून येणार? प्रीपेड असेल तर वैधता परतीच्या तारखेपलीकडे जाते का, हेही पाहा. येणाऱ्या एसएमएसला बऱ्याच कंपन्या पैसे लावत नाहीत, पण उचललेल्या कॉलला लावतात. व्हॉइसमेल चालू असेल तर न उचललेला कॉलही तिकडे वळून बिलात येऊ शकतो, म्हणून मी तो बंदच करून टाकला.

आता सेटिंग. लोक सर्वांत जास्त इथे अडतात. घरच्या सिमवर डेटा रोमिंग बंद, मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडलेलं, आणि ई-सिमवर डेटा रोमिंग चालू. हे शेवटचं वाचून अनेकांना धडकी भरते. पण बहुतेक ट्रॅव्हल ई-सिम स्वतःच रोमिंगवर चालतात. ते एका देशातल्या कंपनीचं असतं आणि दुसऱ्या देशातल्या नेटवर्कवर पाहुणं म्हणून येतं. ते बटण बंद ठेवलं तर रेंज पूर्ण दिसते, इंटरनेट शून्य. ‘गरज पडल्यास दुसऱ्या सिमचा डेटा वापरा’ अशा अर्थाचं जे बटण असतं, ते मात्र बंदच हवं. व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हणायचं. जुन्या नंबराचं खातं नव्या सिमच्या डेटावर निवांत चालतं.

वेगाबद्दल जाहिराती फारसं सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे तुमचा डेटा इंटरनेटला नेमका कुठे जाऊन मिळतो. रोमिंगमध्ये तो साधारणपणे सिमच्या मूळ कंपनीच्या देशापर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे बाहेर पडायची जागा 10 हजार किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यालाच 100 मिलिसेकंद लागतात, वाटेतल्या यंत्रांचा वेळ वेगळा. व्हिडिओ पाहताना हे जाणवत नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि मग दोघंही एकदम गप्प होतात. मी वापरलेल्या एका ई-सिमवर फोन फाइव्ह-जी दाखवत होता, स्पीड टेस्टचे आकडे देखणे होते, आणि मीटिंग मात्र रडतखडत चालत होत्या. तिथेच घेतलेल्या स्थानिक सिमवर त्याच खोलीत तो त्रास गेला. विकणाऱ्या कंपनीला विचारलं तर चॅटवरच्या मदतनिसाने फोन रीस्टार्ट करा एवढंच तीनतीनदा सांगितलं.

डेटा असा दुसऱ्याच देशातून बाहेर पडतो म्हणून कधी वेबसाइट तुम्हाला भलत्याच देशातलं समजते, बँकेचं अ‍ॅप संशयाने बघतं, व्हिडिओ सेवेवर वेगळीच यादी दिसते. उलट फायदाही आहे. चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम बंद असतात. पण बाहेरच्या देशाच्या सिमवर रोमिंग करणाऱ्याचा डेटा बाहेर जाऊन इंटरनेटला मिळतो, म्हणून त्याला ते सहसा चालतात. हॉटेलच्या वाय-फायला जोडलं की पुन्हा बंद. त्यामुळे चीनला जाणाऱ्यांसाठी तिथलं स्थानिक सिम हा माझा पहिला पर्याय कधीच नसेल.

‘अमर्यादित’ पॅकबद्दल माझं मत वाईट आहे. बारीक अक्षरात रोजची एक मर्यादा असते आणि ती संपली की वेग कापला जातो, काही ठिकाणी 128 केबीपीएसपर्यंत. एवढ्यात मजकुराचे मेसेज जातात, नकाशा कण्हत उघडतो, फोटो अडकतो. हॉटस्पॉटवर वेगळी बंदी किंवा मर्यादा असते ती निराळीच. लॅपटॉप जोडायचा असेल तर विकत घेण्यापूर्वी हीच ओळ शोधून वाचा. मला मोजून मिळणारा पॅक जास्त प्रामाणिक वाटतो. तसाही नकाशा, मेसेज, गाडी बुक करणं याला डेटा फार लागत नाही. खातो तो व्हिडिओ, फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट. शेवटच्या दोन गोष्टी वाय-फायपुरत्या ठेवल्या, आयफोनवर ‘लो डेटा मोड’ किंवा अँड्रॉइडवर ‘डेटा सेव्हर’ लावला, की छोटा पॅकही पुष्कळ दिवस पुरतो. दिवस कसा मोजतात हेही बघा. काही कंपन्या पहिल्यांदा नेटवर्क पकडल्यापासून 24 तास मोजतात, काही ठरावीक वेळेला दिवस संपवतात, आणि काहींची वैधता ई-सिम फोनमध्ये उतरवल्या क्षणीच सुरू होते.

ई-सिम फोनमध्ये उतरवायचं काम घरच्या वाय-फायवर, निघण्यापूर्वी. ई-सिम घ्यायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी ई-सिम लागतं, हा घोळ विमानतळावर उतरल्यावर सोडवायला नको. ई-सिम उतरवायला फोनने स्कॅन करायचा क्यूआर कोड दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर असेल तर बरं. बहुतेक कोड एकदाच चालतात, त्यामुळे ‘चालत नाहीये’ म्हणून ई-सिम डिलीट करणं हा सर्वांत महागडा उपाय. आधी विमान मोड चालू-बंद, मग नेटवर्क हाताने निवडणं, मग एपीएन, म्हणजे मोबाइल इंटरनेटच्या जोडणीचं सेटिंग, तपासणं.

फोन ई-सिम घेतो का हे कळायला डायलरवर *#06# दाबा. यादीत ईआयडी नावाचा 32 अंकी क्रमांक दिसला तर घेतो. आयफोनमध्ये ही सोय 2018 च्या मॉडेलपासून आली, पण चीनमध्ये विकल्या गेलेल्या अनेक आयफोनांत ती नसते. अमेरिकेत विकलेल्या आयफोन 14 पासून उलट स्थिती, सिमचा ट्रेच गायब. अशा फोनमध्ये दुकानातलं प्लास्टिकचं सिम घेऊन उपयोग नाही. हप्त्यावर घेतलेला, कंपनीने लॉक केलेला फोन असेल तर दुसऱ्या कोणत्याच कंपनीचं सिम चालणार नाही, प्लास्टिकचं असो की ई-सिम.

स्थानिक सिम मी एकाच देशात बरेच दिवस थांबायचं असेल तर घेते. दर बहुधा चांगला मिळतो, वेग चांगला, आणि तिथला नंबर मिळतो. गाडीवाला, डिलिव्हरीवाला, घरमालक यांना तो लागतोच. त्रास नोंदणीचा. पासपोर्ट दाखवावा लागतो, कुठे पत्ता, कुठे व्हिडिओवर ओळख पटवणं; जर्मनीत तर 2017 पासून प्रीपेड सिमला ओळख पडताळणी सक्तीची आहे. विमानतळावरच्या काउंटरवर पर्यटकांचे पॅक मिळतात ते शहरातल्या दुकानापेक्षा बऱ्याचदा महाग असतात, पण सिम चालू करून हातात देतात, हा मोठा आराम. त्या नंबरावर बँक किंवा ईमेल मात्र जोडू नका. तुम्ही सोडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो.

युरोपात हिशेब सोपा होतो. 15 जून 2017 पासून युरोपीय संघातल्या सिमला संघातल्या इतर देशांत घरच्याच दराने रोमिंग मिळतं, आणि हा नियम 2032 पर्यंत वाढवलेला आहे. नॉर्वे, आइसलँड, लिकटेनस्टाइनही त्यात येतात. म्हणजे उतरलात त्या देशात सिम घेतलं की पुढचे देश त्यावरच निघतात, डेटाला वाजवी वापराची मर्यादा असते तेवढी पॅकमध्ये पाहा. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या नियमाबाहेर. आल्प्समधून रेल्वेने जाताना फोन मधल्यामध्ये स्विस नेटवर्क पकडतो, तेव्हा पॅकमध्ये तो देश नसेल तर तेवढा वेळ डेटा बंदच ठेवलेला बरा.

पॉकेट वाय-फाय थोडक्यात उरकते. जपानमध्ये ते विमानतळावर सहज भाड्याने मिळतं, सगळ्या कुटुंबाला एकच पुरतं, ई-सिम नसलेले जुने फोनही त्यावर चालतात. पण आणखी एक बॅटरी सांभाळायची, परत करायची वेळ पाळायची, आणि मंडळी दोन दिशांना गेली की एका गटाचं इंटरनेट गेलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी त्यांच्यापैकी एकाच्या फोनमध्ये वेगळं सिम घालून देते, म्हणजे चुकामूक झाली तरी फोन लागतो.

घरच्या कंपनीचं रोमिंग मी पूर्णपणे सोडलेलं नाही. एकदोन दिवसांचं काम, लगेच परत, अशा वेळी त्यांचा दिवसाचा पॅक घेते. काही उतरवायचं नाही, बदलायचं नाही. फक्त जहाजावर आणि विमानात विमान मोड लावायचा. तिथलं नेटवर्क उपग्रहावरून चालतं, नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं, आणि बंदरापासून थोडं लांब गेलं की फोन तुम्हाला न विचारता ते पकडतो.