ब्रिओशसाठी घेतलेला स्टँड मिक्सर आणि बडोद्याचा उन्हाळा

ब्रिओश हा लोणी आणि अंडी घालून केलेला फ्रेंच पाव घरी करू पाहणाऱ्या नवख्या माणसाची खरी परीक्षा भट्टीपाशी नव्हे, तर मळण्यात होते. ५०० ग्रॅम मैदा, ५ अंडी आणि २५० ग्रॅम लोणी असे प्रमाण घेतले की कणीक इतकी सैल आणि चिकट होते की हाताने मळणारा वैतागून वरून मैदा भुरभुरवू लागतो आणि पाव तिथेच कोरडा पडतो. हे टाळण्यासाठी आम्ही बडोद्यातल्या रावपुऱ्यातल्या एका दुकानातून ५ लिटरच्या भांड्याचा, १००० वॅटचा स्टँड मिक्सर, म्हणजे भांड्यात फिरणाऱ्या आकड्याने (हुकने) कणीक मळणारे यंत्र, घेतला. तो ८ हजारांच्या आत मिळाला.

मुख्य काम तो चोख करतो. मैदा, अंडी, साखर, यीस्ट आणि मीठ मंद गतीवर फिरू लागले की आधी नुसता लगदा दिसतो. मग हळूहळू गोळा आकड्याला गुंडाळला जातो, भांड्याच्या कडा सोडतो आणि फटफट असा आवाज करीत आपटू लागतो. चिमूटभर कणीक बोटांनी ताणल्यावर ती न फाटता तिच्यातून उजेड दिसू लागला, की लोण्याचे तुकडे एकेक करून घालावेत. लोणी आधीच घातले तर कणकेला ताण देणाऱ्या ग्लुटेनचे (मैद्यातल्या प्रथिनाचे) धागे नीट जुळत नाहीत. पुरणपोळीची कणीक आधी पाण्यात भिजवून मग तेलात तिंबणाऱ्या आपल्या घरांना हा क्रम नवा नाही.

अडचण उष्णतेची आहे. सतत घुसळल्याने कणीक तापते आणि मे महिन्यात बडोद्यात पारा ४० अंशांच्या वर असताना स्वयंपाकघरही तिला हातभारच लावते. कणकेचे तापमान २६ अंशांच्या आसपास राहावे. ते ३० च्या पुढे गेले की लोणी सुटू लागते, गोळ्यावर तेलकट तकाकी येते आणि ताण निघून जातो. म्हणून भांडे, आकडा आणि मैदा आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवावेत, अंडी थेट फ्रिजमधूनच काढून घालावीत. दर १० मिनिटांनी यंत्राला विश्रांती द्यावी, ही माहितीपुस्तिकेतली अट एरवी जाचक वाटली असती, पण इथे ती पथ्यावर पडते, कारण तेवढ्या वेळात भांडे कणकेसकट पुन्हा गार करता येते.

खोक्यावर मात्र दोन किलो कणीक मळण्याचा जो दावा छापला आहे, त्यावर विश्वास ठेवू नये. एक किलो मैद्याच्या ब्रिओशलाच यंत्राचे डोके, म्हणजे वर उचलता येणारा भाग, खटक्यापाशी उसळू लागते आणि ते ओट्यावर सरकते. उलट मैदा २५० ग्रॅमहून कमी असेल तर आकडा तळापर्यंत पोहोचत नाही आणि अंडी खालीच राहतात. चौघांच्या कुटुंबासाठी ५०० ग्रॅमचे प्रमाण यंत्रालाही मानवते.

शेजारच्या आणंदचे अमूल बटर वापरायचे असेल, तर त्यात मीठ असतेच, हे लक्षात घेऊन वरचे मीठ निम्म्याने कमी करावे. कणीक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की लोणी घट्ट होते, चवही वाढते आणि सकाळी आकार देणे सोपे जाते. नंतर ती साच्यात फुगू द्यावी, वरून अंडे फासावे आणि ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या भट्टीत) १८० अंशांवर भाजावे. अशा रीतीने केलेला आमचा पाव तोडताना धाग्याधाग्याने सुटतो आणि विकतच्या गोड पावापेक्षा कितीतरी हलका लागतो, हे श्रेय यंत्राला द्यायलाच हवे.

सेवेबाबत मात्र नाराजी आहे. काही महिन्यांतच आकड्यावरचा पांढरा लेप टवके उडून निघू लागला आणि तो कणकेत मिसळण्याची धास्ती वाटू लागली. तक्रार केल्यावर सुटा आकडा मिळत नसून यंत्रासोबतच्या तिन्ही जोडण्यांचा संच घ्यावा लागेल, असे उत्तर आले आणि ही गोष्ट वॉरंटीतही बसत नव्हती. खरेदी करणाऱ्याने स्टेनलेस स्टीलचा आकडा असलेलेच यंत्र मागावे आणि दुकानातच खोके उघडून तो पाहून घ्यावा.