कार्यक्रम फुकट, सतरंजी आपली

वेळ साडेसहाची दिलेली असते, पण सव्वासातला पोचलात तरी काही बुडत नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि मान्यवरांचे ‘दोन शब्द’ यातच पाऊण तास जातो, पोरं तिथेच पेंगायला लागतात. कोकणातल्या एका विद्यापीठाच्या आवारात हिवाळ्यात होणाऱ्या या मोफत संगीत-लोककला संध्येची ही सगळ्यात वाईट खोड. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो. म्हणजे भाषणांनी खाल्लेला वेळ वसूल होतो तो शेवटच्या पथकाकडून, आणि शेवटी असतो दशावतार, म्हणजे कोकणातलं पौराणिक कथांचं लोकनाट्य.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे जाखडी, कोकणातली गाण्यासोबतची नाचाची कला. ती इथे मंचावर न चढवता मैदानात लावतात. गाणारा आणि ढोलकीवाला मध्ये बसतात, नाचणारे भोवती फेर धरतात. मंचावर हाच फेर निम्मा वेळ प्रेक्षकांना पाठ दाखवतो. मैदानात चारी बाजूंनी बसता येतं आणि पुढच्या पोरांना घुंगरांचा ठेका माईकशिवाय कानावर पडतो. मात्र पार्टी एकच बोलावतात. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पार्ट्या गाण्यातून सवाल-जवाब करतात; समोर तुरेवाले नसतील तर शक्तीवाल्यांनी सवाल टाकायचा कोणाला?

नमन हे कोकणातलं दुसरं लोकनाट्य पाऊण तासात बसवलंय, आणि कात्री योग्य जागी लागली आहे: गण, गवळण ठेवली, रात्रभर चालणारा वग काढला. आवाजाची बाजू मात्र लंगडी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाऱ्यावर सुकते, घुमारा कमी होतो. खरं तर वादकाला पाण्याचा हात फिरवायला दोन मिनिटं द्यायला हवीत. त्याऐवजी साउंडवाला मिक्सरवर बेस चढवतो आणि गवळणीचे शब्द त्याखाली गुदमरतात. सुगम संगीतातही तेच. बंद खोलीत लावून आणलेला तबला दमट हवेत उतरतो, पेटी आहे तिथेच राहते. दोन गाण्यांच्या मध्ये हातोडी वाजली तर कुरकुर करू नका, तो तबलजी आपलं काम चोख करतोय.

दशावतारात मात्र नेमकं नको ते कापलं. मुख्य कथेआधीच्या पूर्वरंगातला संकासुर, म्हणजे मुलं ज्याला बघून आधी घाबरतात आणि मग खिदळतात, तोच गायब. थेट आख्यान, म्हणजे मुख्य कथा, आणि ट्रिकसीनचा, म्हणजे चमत्काराच्या देखाव्यांचा, धूर. संवाद पाठ केलेले नसतात, नट जागेवर रचतात, त्यामुळे एक शब्द हुकला तरी पुढचा टोला कळत नाही. अशा वेळी छातीवर कॉलर माईक लावणं चुकीचंच: माळा, कवचं त्यावर घासून खरखर होते. मंचाच्या पुढच्या कडेला वरून टांगलेले दोन माईक पुरतात. पायपेटी (पायाने भाता हलवायची पेटी), पखवाज आणि झांजेला तर या अंतरावर माईक लागतच नाही.

बसायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, खडबडीत. जाड सतरंजी घरून न्या, आणि घडी दुहेरी ठेवा, कारण नऊनंतर दव उतरतं. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या. तान्हं मूल असेल तर स्पीकरच्या थेट समोर अजिबात नको. मधल्या रांगांत कडेला बसा, आवाज तिथे सोसवतो आणि बाळाला उठवून नेताही येतं. पाण्याची बाटली, डासांचं मलम, टॉर्च. स्वच्छतागृह स्वच्छ आहे, पण इमारतीच्या मागे आणि वाटेवर दिवा नाही.

वडा-पाव, कोकम सरबताचा एक स्टॉल असतो, तो मध्यंतरात संपतो. आधीच घ्या.

दशावतार बघायचाच असेल तर शेवटच्या एसटीवर विसंबू नका. स्वतःची गाडी काताळावर आत नेऊ नका, फाटकाबाहेर तोंड रस्त्याकडे करून लावा. दहाला सगळ्या गाड्या एकाच फाटकातून सुटतात आणि फाटकाचं एकच दार उघडलेलं असतं.