रेसिंगच्या आरएक्स १३५ वर प्रोग्रॅमेबल सीडीआय : दिवाळी ते पोळा

गेल्या दिवाळीनंतर आमच्या मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या यामाहा आरएक्स १३५ या टू-स्ट्रोक गाडीचा मूळ सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून त्या जागी लॅपटॉपवरून ठिणगीचा कोन बदलता येणारा, म्हणजे प्रोग्रॅमेबल, बॅटरीवर चालणारा (डीसी) सीडीआय बसवला. आता पोळा होऊन गेला आहे. मधल्या काळात पहाटेची कडाक्याची थंडी, वैशाखातले पंचेचाळीस अंश आणि पावसाळ्याची ओल या तिन्हींतून डबा गेलेला असल्यामुळे त्याविषयी आता जरा ठामपणे लिहिता येईल. या डब्याने इंजिनाची कमाल ताकद वाढली, असे मी म्हणणार नाही. ती ताकद इंजिनाच्या ज्या फेऱ्यांमध्ये (आरपीएममध्ये) हाताशी असते तो पट्टा मात्र नक्की रुंदावला, आणि तोही मूळ कोन, अर्थिंग व प्लगची बाजू नीट लावून झाल्यानंतरच.

माझे वर्कशॉप यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आहे. मुख्य काम विहिरीवरच्या मोटारी भरण्याचे. रेसिंगचे काम हंगामापुरते. गाडी पुतण्या चालवतो. कापसाची उलंगवाडी होऊन शेते मोकळी झाली की आमच्या भागात सरावाला जागेची कमतरता राहत नाही. गाडीला दिवे नाहीत, ती रस्त्यावर चालवली जात नाही, छोट्या हत्तीत टाकून नेली जाते. डबा एका लहान भारतीय कारखान्यातला आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी इग्निटेक किंवा झीलट्रॉनिक यांसारख्या नावाजलेल्या युरोपी डब्यांनाही तितक्याच लागू पडतात.

मूळ सीडीआयमध्ये वाईट असे काही नव्हते. त्याचा कोन रस्त्यावरच्या वापरासाठी, मूळ सायलेन्सर आणि मूळ पोर्ट (सिलिंडरमधली वायू ये-जा करण्याची छिद्रे) गृहीत धरून ठरवलेला असतो. आमच्या इंजिनाचे पोर्ट घासलेले आहेत आणि सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर (ठरावीक फेऱ्यांना दाबाची लाट परत पाठवून सिलिंडर जास्त भरणारा फुगीर पाइप) आहे, त्यामुळे मधल्या फेऱ्यांत गाडी दबते आणि मग एकदम सुटते. काळ्या भुसभुशीत मातीत अशी एकदम सुटणारी गाडी मागचे चाक जागच्या जागी फिरवत बसते. जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) बदलून हा दोष थोडा कमी झाला होता, पण गेला नव्हता.

फोर-स्ट्रोकवर काम केलेल्यांना इथे एक गोष्ट उलटी वाटते. तिथे फेरे वाढतील तसा ॲडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो कोन) वाढवत नेतात, कारण मिश्रण पेटायला वेळ साधारण तेवढाच लागतो आणि पिस्टनला मात्र घाई झालेली असते. चेंबर लावलेल्या टू-स्ट्रोकमध्ये मधल्या फेऱ्यांना भरपूर ॲडव्हान्स चालतो, कारण तेव्हा सिलिंडर नीट भरत नाही आणि उरलेल्या जळक्या वायूमुळे ज्वाला मंद पसरते. चेंबर लागू झाला की भरण वाढते, ज्वलन वेगाने होते आणि तोच ॲडव्हान्स जास्त होऊन नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) सुरू होते. म्हणून फेऱ्यांनुसार ॲडव्हान्स दाखवणारा आलेख, म्हणजे कर्व्ह, आधी वर चढतो आणि मग खाली उतरतो.

आता मुख्य कामाकडे येतो, कारण वेळ तिथेच गेला. लॅपटॉपच्या पडद्यावर २० अंश लिहिले म्हणजे ठिणगी २० अंशांवर पडते असे मुळीच नाही. डब्याला पिस्टन दिसत नाही. त्याला फक्त पिकअप कॉइलचा (फिरत्या मॅग्नेटजवळच्या संवेदक गुंडाळीचा) झटका कळतो आणि त्यानंतर किती थांबायचे एवढेच तो ठरवतो. आमच्या डब्यात पिकअपचा मूळ कोन हाताने भरावा लागतो, आणि तो हव्या असलेल्या सर्वांत मोठ्या ॲडव्हान्सपेक्षा जास्त असावा लागतो, कारण डबा उशीर करू शकतो, झटक्याच्या आधी जाऊ शकत नाही. त्यासाठी पिकअप ज्यावर बसतो त्या स्टेटर प्लेटची स्क्रूची छिद्रे लांबट करून प्लेट मागे फिरवावी लागली.

त्याआधी टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा, शोधणे आले. पिस्टन वर आल्यावर काही अंश जवळपास स्थिरच असतो, म्हणून नुसत्या डायल गेजच्या सुईवर विश्वास ठेवून टीडीसीची खूण करू नये. हेड काढून ब्लॉकवर जाड पट्टी आवळली, मॅग्नेटवर अंशांची चकती बसवली, क्रँक एका बाजूने पट्टीला टेकेपर्यंत फिरवून आकडा घेतला, दुसऱ्या बाजूने टेकवून दुसरा आकडा घेतला. दोन्हींचा नेमका मध्य म्हणजे टीडीसी. पडताळा मिलिमीटरमध्ये घेता येतो. या इंजिनाचा बोअर ५८ मिमी आणि स्ट्रोक ५० मिमी आहे. कनेक्टिंग रॉड १०० मिमी धरला तर टीडीसीच्या आधी २० अंश म्हणजे पिस्टन १.८७ मिमी खाली, १८ अंश म्हणजे १.५२ मिमी, आणि १६ अंश म्हणजे जेमतेम १.२१ मिमी. दोन अंशांसाठी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा एवढाच फरक पडतो, म्हणून प्लगच्या छिद्रातून तिरका घुसवलेला गेज इथे उपयोगाचा नाही.

यानंतर टायमिंग गन, म्हणजे प्रत्येक ठिणगीला लुकलुकून फिरती खूण स्थिर दाखवणारा दिवा. आमच्याकडे दिवसा उन्हात तिचा झोत दिसतच नाही, म्हणून हे काम दिवेलागणीला शेडचे शटर अर्धे ओढून केले. मॅग्नेटवर २० अंशांची पांढरी रेघ बारीक ब्रशने काढली, केसिंगवर तिच्या समोर टोकदार पत्रा लावला आणि सॉफ्टवेअरमध्ये सर्व फेऱ्यांना २० अंश असा सपाट कर्व्ह भरला. दोन हजारांवर रेघ पत्र्यापासून थोडी अलीकडे थरथरत होती. पिकअपचा कोन पडद्यावर एकेक अंशाने बदलत गेलो तशी ती सरकत येऊन पत्र्याच्या टोकाखाली उभी राहिली. मग पुतण्याने फेरे वाढवले आणि तीच रेघ हळूहळू उशिराच्या बाजूला वाहू लागली. सपाट कर्व्हवर रेघ वाहते याचा अर्थ पिकअप, वायरिंग आणि डबा मिळून काही मायक्रोसेकंद खात आहेत. सहा हजार फेऱ्यांना एक अंश म्हणजे सुमारे २८ मायक्रोसेकंद, नऊ हजारांना साडेअठरा. म्हणजे तीस मायक्रोसेकंदांचा ठरावीक उशीर दोन हजारांना अर्ध्या अंशाच्याही आत राहतो, पण नऊ हजारांना दीड अंशाच्या वर जातो. हा उशीर भरून काढण्याचा एक रकाना सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पुस्तिकेत त्याविषयी जेमतेम एक ओळ आहे. तो आकडा बसल्यावर रेघ वरपर्यंत जागची हलली नाही. टायमिंग गनही स्वतःचा थोडा उशीर करते, म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून दुसरी गन आणून पडताळा घेतला.

पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तरी इंजिन सुरू होते, हे खरे फसवे आहे. मॅग्नेटवरची ट्रिगरची पट्टी पिकअपसमोरून जाताना तिच्या पुढच्या कडेला एका दिशेचा आणि मागच्या कडेला उलट दिशेचा झटका मिळतो. वायरी उलट असल्या तर डबा दुसऱ्या कडेवर चालतो आणि सगळा कर्व्ह पट्टीच्या लांबीइतका सरकतो. किकला उलटा दणका बसत असेल किंवा गाडी सुरू होऊनही वर चढत नसेल, तर कर्व्हला हात लावण्याआधी हे तपासावे.

दुसरा मोठा वेळखाऊ भाग विद्युत गोंगाटाचा. सीडीआयमध्ये कपॅसिटर काहीशे व्होल्टांना भरून तो क्षणात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा करतात. शेजारीच मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो आणि ठिणगीची लहर त्याच्यापर्यंत पोहोचली की तो गोंधळतो. आमची गाडी सात हजारांच्या आसपास क्षणभर मेल्यासारखी व्हायची आणि परत पकडायची. कार्ब्युरेटरचा संशय घेऊन फ्लोट तपासला, जेट फुंकले. शेवटी बाजारातून ‘रेझिस्टर’ म्हणून आणलेली प्लग कॅप मल्टिमीटरवर धरली, तर काटा थेट शून्यावर, म्हणजे आत रोध नाहीच. पाच किलो-ओहमची खरी कॅप आणि रेझिस्टर प्लग लावला (एनजीकेच्या प्लगच्या क्रमांकात आर हे अक्षर रेझिस्टरसाठी असते), पिकअपच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन प्लगच्या वायरीपासून दूर नेल्या, आणि डब्याचे अर्थिंग चेसीच्या रंगावरून न घेता रंग खरवडून इंजिनाच्या बोल्टवर आणि बॅटरीच्या ऋण टोकावर घेतले. तेव्हापासून ती मरगळ एकदाही आली नाही.

कर्व्हचे आकडे देतो, पण ते आमच्या चेंबरचे आहेत, डब्याचे नव्हेत. कोणी तसेच उचलून भरू नयेत. किकसाठी १५०० च्या खाली १२ अंश, ३५०० ते ५५०० पर्यंत २४, मग उतरत ८००० ला १८, ९५०० ला १३, आणि १०,३०० ला कट (ठिणगी बंद). शेवटचा उतार निव्वळ बचावासाठी नाही. उशिरा पेटवल्यामुळे सिलिंडरमधली काही उष्णता पाइपमध्ये जाते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग वाढतो, लाट लवकर परतते आणि पाइप जणू आखूड झाल्यासारखा वागतो. वायूचे सरासरी तापमान ४५० वरून ५०० अंश सेल्सिअस झाले असे धरले, तर निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वेग साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ९००० ला संपणारा जोर ९३०० पर्यंत टिकतो. लांब सरळ पट्ट्यावर गिअर न बदलता वळण गाठता येते, हा त्याचा प्रत्यक्ष लाभ. पण पुतण्याने सरावानंतर पहिली गोष्ट सांगितली ती वरच्या फेऱ्यांची नव्हतीच : “काका, मधात जो खड्डा पडत होता ना, तो गेला जी.” मला विचाराल तर पैसे तिथेच वसूल झाले.

उन्हाळ्यात मात्र हा कर्व्ह जसाच्या तसा चालवला नाही. २५ अंशांच्या सकाळपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे मिश्रण घट्ट होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि इंजिन थोडे सुस्तावते. अशा वेळी ॲडव्हान्स वाढवून गाडी जागवण्याचा मोह होतो, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा पिस्टन नेमका तिथे निकामी होतो. आम्ही जेट एक पायरी लहान केला आणि ६००० ते ८५०० या पट्ट्यात दीड अंश काढून घेतला. प्रत्येक जोरकस सरावानंतर गाडी कट करून, क्लच दाबून थांबवायची आणि प्लग भिंगाखाली पाहायचा, ही सवय लावली. चिनीमातीवर मिरीच्या दाण्यासारखे काळे ठिपके किंवा चकचकीत बारीक कण दिसले तर ते नॉकिंगने उडालेले पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. चैत्रात एका दुपारी असे दोन-तीन कण दिसले. दीड अंश काढल्यावर पुन्हा दिसले नाहीत. पंपावर आता मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमुळेही जेट पुन्हा पाहावे लागले, कारण इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागते. ऑइल घालून ठेवलेले जुने मिश्रण तर पावसाळ्यात वापरूच नये. ते ओल ओढते.

बॅटरीची भीती अनाठायी ठरली. कपॅसिटर एक मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज ३०० धरले तर एका ठिणगीमागे ४५ मिलिज्यूल लागतात. ९००० फेऱ्यांना सेकंदाला १५० ठिणग्या, म्हणजे पावणेसात वॅट. डब्यातले नुकसान धरूनही एक अँपिअरच्या आत काम होते. दोन-अडीच अँपिअर-अवरची लहान बॅटरी शर्यतीच्या दिवसाला पुरते. शेतीच्या फीडरची वीज रात्री असो की पहाटे, चार्जर आदल्या दिवशीच लावून ठेवायचा. मॅग्नेटच्या जागी हलका रोटर लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो लावला नाही. सैल मातीत मॅग्नेटचे वजन उपयोगी पडते.

तक्रारीही आहेत. डब्याचा कनेक्टर ओल-धूळरोधक नाही. आमची काळी धूळ पिठासारखी आत जाते, म्हणून डबा सीटखाली रबरी गादीवर उलटा, तोंड खाली करून बसवला आणि वरून सायकलची ट्यूब ओढली. सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते आणि ड्रायव्हर शोधताना दमछाक होते. सुरू गाडीवर कर्व्ह बदलता येत असला तरी लॅपटॉप चार्जरवर असताना ते टाळावे; तेव्हा जोडणी हमखास तुटते. पुस्तिका इंग्रजीत आहे याची तक्रार नाही, पण तीत पिकअपच्या कोनाची आकृती नाही, हे रेसिंगच्या वस्तूला शोभत नाही. विक्रेत्याने फोन मात्र प्रत्येक वेळी उचलला आणि जोडणीचा सुधारित नकाशा पाठवला.

ज्यांचे इंजिन मूळ स्थितीत आहे किंवा ज्यांच्या क्रँकचे सील हवा ओढत आहेत, त्यांनी हा खर्च आधी सील, रिबोअर आणि जेटवर करावा. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या परवान्याखालील स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आपल्या गटात बदललेले इग्निशन चालते का, हे नियमावलीत पाहूनच डबा मागवावा. थ्रॉटलची स्थिती वाचणारा महागडा प्रकारही मिळतो. मातीवर पुतण्याची मूठ एकतर पूर्ण उघडी असते किंवा बंद, त्यामुळे आम्हाला त्याची गरज भासली नाही. येत्या उलंगवाडीनंतर चेंबरचा शेवटचा शंकू बदलायचा आहे, तेव्हा ८००० च्या पुढचा कर्व्ह नव्याने आखावा लागेल. खालचा भाग आणि पिकअपचा कोन आहे तसाच राहील.