फुकटच्या घोटाचा हिशेब: टेस्टर, टेस्टिंग आणि वन-प्लस-वन, काही महिने वापरून

सुपरमार्केटात वाईनचे छोटे पेले घेऊन कुणी उभं असेल, ही अपेक्षा महाराष्ट्रात आधी सोडून द्यावी. इथल्या वाईन शॉपमध्ये सीलबंद बाटलीच विकली जाते. दुकानात बूच काढून चव देणं परवान्यात बसत नाही. मोठ्या सुपरमार्केटांत वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ ला होकार दिला होता, पण विरोध झाला आणि तो निर्णय कागदावरच राहिला. त्यामुळे मोफत किंवा जवळजवळ मोफत चव मिळण्याच्या जागा मोजक्याच: बिअर जिथे बनते तो ब्रूपब, नाशिककडच्या वायनरी, बारमधल्या ऑफर, विमानतळावरचं ड्युटी फ्री आणि सीमेपलीकडचा गोवा. या सगळ्यांचा अनुभव सारखा नाही. काही ठिकाणी घोट खरंच फुकट असतो, काही ठिकाणी तो बिलाच्या दुसऱ्या ओळीत लपलेला असतो.

आधी वयाचं. महाराष्ट्रात वाईन आणि माइल्ड बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की, रम, व्होडका आणि स्ट्राँग बिअरसाठी २५. गोव्यात १८. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात पिण्याचा वैयक्तिक परवाना लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आजीवन १,००० रुपये. बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. हजार रुपयांत जन्माची कटकट मिटते, घेऊन टाकावा. ओळखपत्राचा फोटो चालतो असं गृहीत धरू नये. वायनरीत आणि ब्रँडच्या कार्यक्रमांत दारावरच अडवतात.

सगळ्यांत चोख काम ब्रूपबचं. पुण्यात २००९ साली डूलालीने सुरुवात केली, आणि आता पुणे-मुंबईत स्वतःची बिअर बनवणाऱ्या बऱ्याच जागा आहेत. यांपैकी अनेक ठिकाणी ऑर्डर देण्याआधी टेस्टर विनामूल्य देतात. पेला लहान, साधारण ३० ते ५० मिली. मेन्यूवर हे लिहिलेलं नसतं, मागावं लागतं. ‘आज टॅपवर नवीन काय आहे, दोन-तीन चाखून ठरवतो’ एवढं म्हटलं की पुरतं. मात्र ‘सॅम्पलर’ किंवा ‘फ्लाइट’ म्हणालात तर चार-सहा पेल्यांची लाकडी पट्टी येते आणि तिचे पैसे लागतात. घोटाळा नेहमी इथेच होतो. म्हणून शब्द नीट वापरावा: टेस्टर.

शुक्रवारी-शनिवारी रात्री नऊला टेस्टर मागितला तर स्टुअर्ड तोंड वाकडं करतो, आणि त्याचं चुकत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत गेलं तर तोच माणूस कोणती बिअर कालच टॅपला लागली तेही सांगतो. चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडकडे: आधी लागर किंवा विटबिअर, मग हेफेवायझन, मग आयपीए, शेवटी स्टाउट. आयपीएचा कडूपणा जिभेवर बसला की पुढच्या तीन बिअर सारख्याच लागतात. पेला फ्रीझरमधून काढलेला, बर्फाळ असेल तर दोन मिनिटं हातात धरावा, गारठलेल्या बिअरला वास नसतो. हेफेवायझनमध्ये केळं आणि लवंग यांचा वास यायलाच हवा, तो यीस्टचा असतो, कुणी अर्क घातलेला नसतो. पण लागरमध्ये पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आला तर आंबवण घाईत उरकलंय किंवा टॅपपर्यंत बिअर आणणारी नळी नीट धुतलेली नाही. आंबट, व्हिनेगरसारखी लागली तर नळीच. अशा वेळी फुकटचा टेस्टर वसूल होतो, कारण अर्ध्या लिटरचा मग टेबलावर आल्यावर तो परत करायला वाद घालावा लागतो. तीन टेस्टर चाखून काहीच न मागवता उठणं बरं नव्हे. एक मग तरी घ्यावा.

वायनरीचा प्रकार वेगळा. नाशिकला सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, देशातली पहिली. त्यानंतर गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीत, इगतपुरीकडे सांजेगाव-कावनईपर्यंत टेस्टिंगची सोय झाली. हे मोफत नाही, टूर आणि टेस्टिंगला पैसे पडतात. पण तिकिटातली काही रक्कम खरेदीत वळती करून देण्याची योजना अधूनमधून कुठे ना कुठे चालू असते. ती फोनवर विचारून घ्यावी, कारण संकेतस्थळावर जुनीच माहिती पडून राहते. विचारायचे प्रश्न तीन: किती वाईन, प्रत्येकी किती मिली, आणि वळती रक्कम बाटलीवर मिळते की रेस्टॉरंटच्या बिलावर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा गुळमुळीत येतं. बाटलीवर मिळत असेल तर सौदा बरा.

सहसा चार ते सहा वाईन, प्रत्येकी २५-३० मिली. क्रम ठरलेला: स्पार्कलिंग, मग पांढऱ्या, रोझे, लाल, शेवटी गोड लेट हार्वेस्ट. टेस्टिंग रूममधल्या उघड्या बाटल्या हीच इथली खरी अडचण. सकाळी पहिल्या तुकडीला उघडलेली पांढरी सोव्हिन्यॉ ब्लाँ संध्याकाळपर्यंत मवाळ पडते, आणि तेवढ्यावरून लोक ‘काही खास नाही’ म्हणून मोकळे होतात. ‘ही बाटली कधी उघडली?’ हे बिनधास्त विचारावं. आठवड्याच्या दिवशी पहिल्या फेरीत गेलं तर बाटली आपल्यासमोरच उघडते. एप्रिल-मेमध्ये लाल वाईन खोलीच्या तापमानाला दिली तर ती नाशिकच्या खोलीच्या, म्हणजे तिशीच्या पुढच्या तापमानाला असते. मग नाकात नुसतं अल्कोहोल चढतं. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगावं, १६-१८ अंशांना तीच वाईन वेगळी लागते. जानेवारी ते मार्च द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. तेव्हा टाक्या चालू दिसतात, पण शनिवार-रविवारी गर्दी इतकी की टेस्टिंग देणाऱ्याला एकेका घोटावर बोलायला सवड नसते. टूरचा मतलब चव असेल तर पावसाळ्यातला मंगळवार उत्तम. ड्राय डे मात्र आधी पाहावा. २ ऑक्टोबर सगळ्यांना ठाऊक असतो, आषाढी-कार्तिकी एकादशी आणि निवडणुकीआधीचे दिवस विसरले जातात.

आता गाडीचं. पाच वाईन, प्रत्येकी ३० मिली, म्हणजे १५० मिली. १३ टक्क्यांनी त्यात साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे १५ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात यातून १०० मिलीमागे साधारण ३० मिलिग्रॅम येतं, ५५ किलोच्या स्त्रीच्या रक्तात ५० च्या आसपास. शरीर तासाला अंदाजे १५ उतरवतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३०. म्हणजे नुसत्या टेस्टिंगवर, जेवताना एकही ग्लास न घेता, पुरुष काठावर आणि स्त्री काठापलीकडे. पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढे कसारा घाट आहे. चालकाने घोट थुंकायचं भांडं वापरावं, ते त्यासाठीच टेबलावर असतं आणि मागितलं तर कुणी हसत नाही. नाहीतर नाशिकहूनच टॅक्सी ठरवावी.

बारमधल्या ऑफरबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. वन-प्लस-वन म्हणजे बहुतेक ठिकाणी ३० मिलीचे दोन पेग. समजा मेन्यूत जिनचा ३० मिलीचा पेग ४५० रुपयांना आहे. दोन पेग ४५० ला मिळाले. परमिट रूममधल्या दारूवर नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के व्हॅट आहे, त्याचे ४५. दोन टॉनिक, प्रत्येकी १५० प्रमाणे ३००, त्यावर ५ टक्के जीएसटी १५. झाले ८१०. म्हणजे ‘फुकट’ पेग धरूनही ग्लास ४०५ ला पडला. मिक्सर ऑफरमध्ये आहे का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये. साधा सोडा किंवा पाणी घेणाऱ्याला ही ऑफर खरंच फायद्याची, टॉनिक आणि ज्यूसवाल्याला तेवढी नाही. काही ठिकाणी दोन्ही पेग एकदमच आणून ठेवतात आणि दुसऱ्यातला बर्फ वितळून पाणी होतं. ‘दुसरा नंतर आणा’ म्हटलं तर कॅप्टन मान डोलावतो, पण हॅपी अवर्स संपले की तो पेग पूर्ण दराने बिलात बसतो. म्हणून केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, दोन्हींची आधीच फाडायला सांगावी. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. काढा म्हटलं की काढतात.

लेडीज नाइटला बायकांना खरंच फुकट मिळतं, पण ठरावीक दोन-तीन तास आणि ठरावीक बाटल्यांतलं: हाऊस पोअर (बारची नेहमीची स्वस्त) व्होडका, गोडसर पांढरी वाईन, एखादं रंगीत कॉकटेल. कॉकटेल गोड असलं की त्यात दारू किती आहे हे कळत नाही, कमी असो वा जास्त. साधं व्होडका-सोडा मागितलं की निदान काय पितोय ते दिसतं.

अ‍ॅपवरच्या सवलतींचा जोर पूर्वीइतका राहिला नाही. झोमॅटो गोल्ड नोव्हेंबर २०१७ मध्ये आलं तेव्हा दोन पेयांवर दोन मोफत मिळत. ऑगस्ट २०१९ मध्ये रेस्टॉरंटवाल्यांनी त्यातून बाहेर पडण्याची मोहीम काढली आणि ते दिवस गेले. आता बिलावर टक्केवारीची सूट मिळते. तिच्या अटींत ‘दारू वगळून’ किंवा ‘इतर ऑफरसोबत नाही’ ही ओळ असते. हॅपी अवर्स आणि अ‍ॅप दोन्ही एकत्र लागत नाहीत असंच धरून चालावं, आणि बिल मागण्याआधी दोहोंत स्वस्त काय ते मोजावं.

व्हिस्की कंपन्यांच्या मास्टरक्लासची निमंत्रणं नोंदणी करून मिळतात. दारूची उघड जाहिरात करता येत नाही, म्हणून कंपन्या सोडा, ग्लास, संगीताच्या आडून येतात आणि असे छोटे कार्यक्रम घेतात. चार प्रकार, प्रत्येकी १५-२० मिली, समजावून सांगणारा जाणकार. शिकण्यासाठी हा सगळ्यांत चांगला फुकट प्रकार. किंमत मोबाईल नंबरची: पुढे महिनोन् महिने मेसेज येत राहतात. नोंदणीसाठी वेगळा ईमेल ठेवावा.

फोनचा विषय निघालाच आहे तर: ‘मोफत सॅम्पल किट घरपोच, फक्त कुरिअरचे ४९ रुपये’ किंवा ‘एका खंब्यावर एक फ्री, आत्ता ऑर्डर करा’ असा मेसेज म्हणजे फसवणूक, अपवाद नाही. दारू कुरिअरने पाठवता येत नाही. गुगलवर खऱ्या वाईन शॉपच्या नावाखाली भलताच नंबर टाकून ठेवणं ही यातली जुनी रीत. आधी क्यूआर कोड, मग ‘नोंदणीसाठी’ ओटीपी, मग खातं रिकामं. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

ड्युटी फ्रीत, परदेशातून येताना, व्हिस्कीच्या काउंटरवर घोटभर चव मागितली की देतात. सगळ्या बाटल्यांची नाही, ज्यांची मोहीम चालू असेल त्यांचीच. रात्रभराच्या प्रवासानंतर जीभ बधिर असते. आधी पाणी प्यावं, विमानातली कॉफी नंतर. ‘तीन घ्या, इतके डॉलर वाचवा’ या पाटीखाली आपली मर्यादा विसरायला होते: माणशी २ लिटर. एक लिटरच्या तीन बाटल्या एकट्याने घेतल्या तर तिसरीवरचं शुल्क सवलत खाऊन टाकतं. मुंबईत उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर बाटल्या चेक-इन बॅगेत टाकून मगच पुढे जावं.

गोव्यात वारं पालटतं. मार्च ते मे उराकाचा हंगाम, काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार. गावातल्या तावेर्नात, म्हणजे छोट्या दारूच्या दुकानात, लिटरभर सुटा घेणाऱ्याला तळहाताएवढ्या ग्लासात चव देतात, त्याचे पैसे कुणी मागत नाही. उराक लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात, पण चाखताना नुसताच चाखावा, नाहीतर लिम्काच चाखली जाते. ताज्या उराकाला बोंडाचा स्वच्छ वास असतो. तो आंबूस किंवा करपट वाटला तर पुढच्या तावेर्नात जावं. फेणी जास्त तीव्र, चाळिशीच्या पुढची. चार थेंब तळहातावर चोळून वास घेतात: अल्कोहोल उडून गेल्यावर मागे काजू राहिला तर माल बरा. कुंकळ्ळीकडे फेणीच्या आणि सिंगल माल्ट व्हिस्कीच्या कारखान्यांत टेस्टिंग होतात, पण ती सशुल्क आणि आधी नोंदवून.

आवडलं म्हणून घरी आणायचं तर अडचण इथे सुरू होते. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून दिलेला उराक विमानात घेत नाहीत, किरकोळ विक्रीचं सीलबंद पॅकिंगच लागतं. २४ ते ७० टक्क्यांच्या दारूला चेक-इनमध्ये माणशी ५ लिटरची मर्यादा, फेणी त्यात बसते. पण विमान कंपनीने बॅग घेतली म्हणजे महाराष्ट्राने परवानगी दिली असं होत नाही. रस्त्याने येताना बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्कचा तपासणी नाका आहे. गोव्याच्या दुकानाचं बिल तिथे परवाना म्हणून चालत नाही, आणि मुद्देमालासोबत गाडीही जप्त होते.