विजयाच्या अंतरावरील स्प्रेड बेटिंग : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

ब्रिटनमध्ये राहून घोड्यांच्या शर्यतींवर स्प्रेड बेटिंग (कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा निकाल जास्त येईल की कमी, यावरची पैज) करणाऱ्या मंडळींना 'विनिंग डिस्टन्सेस' हा प्रकार परिचित असेल. त्यामुळे खाते कसे उघडावे वगैरे तपशिलात शिरत नाही. संपूर्ण हिवाळा हा प्रकार वापरल्यावर, आणि विशेषतः माझे खाते असलेल्या कंपनीच्या ग्राहकसेवेशी नुकत्याच झालेल्या कंटाळवाण्या पत्रव्यवहारानंतर, त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

मूळ कल्पना मला आजही फार आवडते. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या टोटवर (रेसकोर्सच्या एकत्रित पैजखात्यावर) आपण विन, प्लेस, टनाला, जॅकपॉट अशा पैजा खेळतो. तिथे आपला घोडा नाकाने जिंकला काय आणि दहा लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी) जिंकला काय, हाती येणारी रक्कम तीच. येथे कोणता घोडा जिंकतो याला महत्त्वच नाही. दिवसभराच्या सर्व शर्यतींत पहिल्या आणि दुसऱ्या घोड्यांमध्ये पडलेल्या अंतरांची बेरीज किती होईल, एवढाच प्रश्न असतो. भाव ३०–३२ असेल, आपण लेंग्थला एक पौंड या दराने ३२ वर खरेदी केली आणि बेरीज ४५ झाली, तर १३ पौंड मिळतात. १८ झाली, तर १४ पौंड जातात. बेरीज कमी होईल असे वाटले, तर ३० वर विक्री करता येते. मात्र खरेदी आणि विक्री यांच्या भावातला दोन लेंग्थचा फरक पहिली शर्यत सुटण्याआधीच आपल्या खिशातून गेलेला असतो, आणि काटकसरीने खेळणाऱ्या माझ्यासारख्याला तो प्रत्येक वेळी टोचतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सारे लिहिण्याचा खटाटोप केला आहे. निकालात छापली जाणारी लेंग्थ कोणीही घोड्याच्या शरीराच्या मापाने मोजत नाही. दोन घोडे अंतिम रेषा ओलांडतात त्यामधला वेळ मोजला जातो आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणले जाते. हा आकडा मैदानाच्या अधिकृत स्थितीवर, म्हणजे गोइंगवर, अवलंबून असतो. अडथळ्यांच्या शर्यतीत गोइंग 'गुड' (चांगले) असेल तर एका सेकंदाला ५ लेंग्थ, 'गुड टू सॉफ्ट' (किंचित मऊ) असेल तर ४.५ आणि 'सॉफ्ट' (मऊ) किंवा 'हेवी' (चिखलाचे) असेल तर ४. याचा अर्थ असा की तीन सेकंदांचे अंतर 'गुड'वर १५ लेंग्थ भरते आणि 'सॉफ्ट'वर १२. चिखलात घोडे दमून विखुरतात, म्हणून पाऊस आला की अंतरे वाढणार, असे सगळेच धरून चालतात आणि त्यात तथ्यही आहे; परंतु त्याच पावसाने गुणक घटतो, ही गोष्ट भाव पाहताना फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्या दिवसावरून वाद झाला, त्या दिवशी सकाळी गोइंग 'गुड टू सॉफ्ट' होते, दुपारी मुसळधार पाऊस झाला आणि मधेच ते अधिकृतपणे 'सॉफ्ट' करण्यात आले. कंपनीच्या पानावर मात्र अखेरच्या शर्यतीपर्यंत सकाळचीच नोंद झळकत होती. माझी खरेदी अगदी थोडक्यात तोट्यात गेली. मी विचारणा केली, तेव्हा पहिल्या दोन उत्तरांत नियमावलीतला एकच परिच्छेद जसाच्या तसा पाठवला गेला. हिशेब अधिकृत निकालाप्रमाणेच झाला आहे, हे नीट समजावून सांगणारा माणूस तिसऱ्या पत्राला भेटला. हिशेब बरोबर होता, हे मला मान्य आहे. परंतु ज्या आकड्यावर सारा व्यवहार उभा आहे, तो बदलल्याचे ग्राहकाला कळवायचे नाही, हे मला मुळीच मान्य नाही, कारण शर्यती चालू असतानाही खरेदी-विक्री सुरूच असते आणि जुनी नोंद वाचून ग्राहक निर्णय घेत असतो.

एका बाबतीत मात्र माझे मत पूर्ण बदलले. माझ्या कंपनीच्या नियमांनुसार अडथळ्यांच्या एका शर्यतीत ३० लेंग्थपेक्षा अधिक अंतर धरले जात नाही, आणि फ्लॅट, म्हणजे बिनअडथळ्यांच्या, शर्यतीत १२ पेक्षा अधिक नाही. सुरुवातीला ही मर्यादा मला ग्राहकाच्या तोंडचा घास काढणारी वाटत असे. २००९ साली केम्प्टनच्या रेसकोर्सवर काउटो स्टार या घोड्याने अडथळ्यांची किंग जॉर्ज सहाव्याच्या नावाची शर्यत ३६ लेंग्थने जिंकली, त्यातल्या सहा लेंग्थ या नियमाने वाया गेल्या असत्या. पुढे मी विक्रीकडे वळलो, तेव्हा हीच मर्यादा किती मोलाची आहे हे उमगले. या प्रकारात तोटा लावलेल्या रकमेपुरता सीमित राहत नाही, आणि तो कायद्याने वसूल करता येणारे कर्ज ठरतो. एखादा घोडा एकटाच पुढे निघून गेला, तर साध्या खात्यावर विकणाऱ्याला वाचवणारे दुसरे काहीच नसते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्टॉप-लॉस (तोट्यावर आधीच घातलेली कमाल मर्यादा) असलेलेच खाते घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

खाते मी बंद केलेले नाही. गोइंग बदलताच नवा गुणक भावाशेजारी दाखवावा, अशी लेखी मागणी केली आहे आणि ती संबंधित विभागाकडे पाठवल्याचे उत्तर आले आहे. तोपर्यंत लेंग्थला एका पौंडापेक्षा अधिक लावायचे नाही, आणि पावसाचा अंदाज असलेल्या दिवशी कंपनीच्या पानावर विसंबून न राहता रेसकोर्सची अधिकृत घोषणा पाहूनच सौदा करायचा, असे ठरवले आहे.